बेसमेंटचा भाव काय धरायचा?

‘ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत भाड्याने राहतो आणि पहिलं घर घ्यायच्या तयारीत आहोत. दोन घरांपाशी येऊन गाडी अडली आहे. पहिलं २,४०० स्क्वेअर फुटांचं कोलोनियल, म्हणजे दोन मजली घर. खाली बेसमेंट आहे, पण नुसतं काँक्रीट. मागताहेत ७ लाख ९० हजार. दुसऱ्याच्या लिस्टिंगमध्ये २,९०० स्क्वेअर फूट लिहिलंय, पण त्यातले ८५० बेसमेंटचे, म्हणजे वर २,०५०च. हे बेसमेंट २०११ साली फिनिश केलेलं आहे, खाली बाथरूम आणि “चौथी बेडरूम” आहे. मागताहेत ८ लाख १५ हजार. दोन्ही घरांची शाळा एकच, प्लॉट सारखे, वयही जवळपास सारखं. माझ्या मिस्टरांनी एक्सेल केली: पहिलं फुटाला ३२९ डॉलर, दुसरं २८१. त्यांच्या मते दुसरं घर सोडणं म्हणजे वेडेपणा. ह्यूस्टनचे माझे दीर म्हणतात, बेसमेंटला काडीची किंमत नसते, ते धरूच नका. आमची एजंट दोघांनाही “बरोबर” म्हणते. सासू-सासरे भारतातून येतात ते पाच-सहा महिने राहतात. त्यांना खालची खोली देता येईल असं मनात आहे. नक्की काय धरायचं?
– घर शोधून दमलेली’

नमस्कार. तुमच्या मिस्टरांची एक्सेल चुकली आहे आणि तुमचे दीरही चुकलेत, फक्त उलट दिशांना. एजंट मात्र चुकलेली नाही. तिला घर विकायचंय, कुठलंही चालेल.

गडबड त्या २,९०० या आकड्यात आहे. पुण्या-मुंबईत फ्लॅट बघितला असेल तर कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप हा खेळ तुम्हाला माहीत असेल. जिना, लॉबी सगळं मिळवून फुगवलेल्या आकड्याने भागलं की भाव स्वस्त दिसायचा. शेवटी रेरा कायद्यात कार्पेटवरच बोला असं लिहावं लागलं. इथे बेसमेंट मिसळलेला आकडा तेच काम करतो. फरक एवढाच, की इथे विक्रेता लपवत काही नाही. लिस्टिंगमध्ये खाली कुठेतरी फोड दिलेली असते. आपण मोठा आकडा वाचतो आणि भागाकार करून मोकळे होतो.

मी अप्रेझर आहे. बँक कर्ज देण्याआधी घराची किंमत तपासायला ज्या माणसाला पाठवते, ती मी. आमच्या फॉर्मवर ‘ग्रॉस लिव्हिंग एरिया’ नावाचा एक रकाना असतो. त्यात फक्त जमिनीच्या वरचं, पूर्ण फिनिश केलेलं क्षेत्रफळ लिहायचं. गॅरेज नाही, बेसमेंट नाही. कर्जं विकत घेणारी फॅनी मे ही संस्था त्याबाबत कडक आहे, आणि १ एप्रिल २०२२ पासून तिने मोजमापासाठी अ‍ॅन्सी झेड-७६५ हे प्रमाण सक्तीचं केलंय. त्या प्रमाणात एखाद्या मजल्याचा कुठलाही भाग जमिनीखाली असेल तर तो अख्खा मजला जमिनीखालचा. मागच्या बाजूने सरळ बागेत उघडणारं, मोठ्या काचांचं वॉकआउट बेसमेंट असलं तरी तेच. लोक त्यावरून माझ्याशी भांडतात. ‘इथे तर वरच्यापेक्षा जास्त ऊन येतं’ म्हणतात. येत असेल. पण रकाना बदलत नाही.

आता दिरांचा मुद्दा. वरच्या रकान्यात नाही म्हणजे किंमत शून्य, असं कुठेच म्हटलेलं नाही. त्याच फॉर्मवर बेसमेंट आणि तिथल्या फिनिश केलेल्या खोल्यांसाठी वेगळी ओळ असते आणि तिथे आम्ही वेगळे पैसे धरतो. ते वरच्या फुटापेक्षा कमी असतात, पण असतात. दिरांना दोष देऊ नका, ह्यूस्टनमध्ये बेसमेंट बघायलाच मिळत नाही. तिथली चिकणमाती पाण्याने फुगते, सुकली की आकसते, आणि जमिनीतलं पाणीही फार खोल नाही. आपल्याकडे उलट. हिवाळ्यात माती गोठते, म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली, तीन फुटांच्या आसपास न्यावाच लागतो. एवढं खणायचंच आहे तर आणखी थोडं खणून खोली करून घेऊ, असा इकडच्या बेसमेंटचा हिशोब आहे. म्हणूनच आपल्या भागात गिऱ्हाईक बेसमेंट विचारतं आणि त्याला भाव देतं.

किती भाव, हा तुमचा खरा प्रश्न. त्याआधी फुटाच्या दराबद्दल एक गोष्ट, कारण तिथे एक्सेल दुसऱ्यांदा घसरली आहे. ३२९ डॉलर हा घराचा दर नाही. त्यात जमीन आहे, शाळा आहे, ड्राइव्हवे आहे, किचन आहे, घर गरम ठेवणारी फर्नेस आहे. घर ३५० फुटांनी मोठं झालं म्हणून जमीन वाढत नाही, दुसरं किचनही येत नाही. त्यामुळे वाढीव फुटाला बाजार सरासरी दर कधीच देत नाही, बऱ्यापैकी कमी देतो. समजा तुमच्या भागात वरच्या वाढीव फुटाला ११० डॉलर मिळताहेत, फिनिश केलेल्या बेसमेंटच्या फुटाला ४५ आणि खालच्या बाथरूमला ७ हजार. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. तुमचे कसे काढायचे ते पुढे सांगते.

पहिल्या घरात वरचे ३५० फूट जास्त आहेत: ३८,५०० डॉलर. दुसऱ्या घरात ८५० फुटांचं बेसमेंट, ३८,२५०, वर बाथरूमचे ७ हजार, म्हणजे ४५,२५०. वजाबाकी केली तर दुसरं घर पहिल्यापेक्षा ६,७५० डॉलरने जास्त मोलाचं. मागताहेत मात्र २५ हजार जास्त. म्हणजे मिस्टरांना जे स्वस्त वाटतंय ते सुमारे १८ हजारांनी महाग आहे, आणि तेही बेसमेंट सगळं धड आहे असं धरून. त्यांच्या पद्धतीने २,९०० फुटांना ३२९ लावले तर दुसरं घर साडेनऊ लाखांचं ठरतं आणि आपण १ लाख ४० हजार वाचवले असं वाटतं. दिरांच्या पद्धतीने बेसमेंट शून्य धरलं तर तेच घर साडेत्रेसष्ट हजारांनी महाग ठरतं. एकच घर, तीन उत्तरं. घासाघीस करायला बसाल तेव्हा यातलं कुठलं डोक्यात आहे यावर बरंच अवलंबून आहे.

ते ११० आणि ४५ कुठून आणायचे? विकलेल्या घरांमधून. मागणाऱ्यांच्या नव्हे, विकलेल्या. एजंटकडून गेल्या वर्षभरात त्याच शाळेच्या हद्दीत विकल्या गेलेल्या घरांची यादी घ्या. शाळेची हद्द महत्त्वाची आहे. एडिसन गावात जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूलकडे जाणारं घर आणि एडिसन हायकडे जाणारं घर यांची तुलना करून बेसमेंटचा भाव काढायला गेलात तर तुम्ही शाळेचाच भाव काढाल. यादीतून अशी जोडी शोधा जिच्यात बाकी सगळं जवळपास सारखं आणि फरक फक्त बेसमेंटचा. समजा दोन्ही वर २,२०० फुटांची. एकाचं ८०० फुटांचं बेसमेंट फिनिश केलेलं, ते ७ लाख ७२ हजारांना गेलं. दुसऱ्याचं कोरं, ते ७ लाख ३६ हजारांना. ३६ हजारांना ८००ने भागलं की ४५ आले. एका जोडीवर विसंबू नका, तीन-चार मिळाल्या तर बघा. आकडे ३० ते ६० असे पसरतील, कारण कुणाचं किचन नवं असतं, कुणाचं घर मार्चमध्ये विकलेलं असतं आणि कुणाचं नोव्हेंबरमध्ये. त्या पसाऱ्याच्या मध्ये कुठेतरी तुमचं उत्तर आहे. एजंट यादी द्यायला का-कू करत असेल तर तिला एवढंच विचारा, की अप्रेझर आला की तो कुठली घरं घेईल असं तुम्हाला वाटतं? यादी मिळते.

जोड्या लावताना घराचा प्रकार बघा. आपल्याकडे बाय-लेव्हल आणि स्प्लिट-लेव्हल घरं पुष्कळ आहेत, साठ-सत्तरच्या दशकातली. त्यांचा खालचा मजला अर्धा जमिनीत असतो, म्हणून नियमाने तोही बेसमेंटमध्ये जातो. पण त्या घरांमध्ये फॅमिली रूम, एक बेडरूम, कधी कधी घराचा रोजचा दरवाजासुद्धा तिथेच असतो, आणि गिऱ्हाईक त्याला बेसमेंट मानत नाही, पैसेही बरे देतं. बाय-लेव्हलच्या शेजारी बाय-लेव्हलच ठेवा. तुमचं दुसरं घर पत्रात कुठल्या प्रकारचं ते लिहिलेलं नाही. ते बाय-लेव्हल असेल तर वरचं ४५ फार कमी पडेल आणि माझं गणित तुमच्या मिस्टरांच्या बाजूला झुकेल, हे त्यांना जरूर सांगा.

विक्रेता म्हणेल, आम्ही ६०-७० हजार घातलेत हो खाली. घातले असतील. पण ते २०११ साली घातले. त्यानंतर त्या गालिच्यावर मुलं मोठी झाली, ड्रॉप सीलिंगच्या दोन-चार टाइल्स पिवळ्या पडल्या आणि भिंतीला लावलेला तो मोठा होम थिएटरचा कोनाडा आता कुणाच्या टीव्हीला बसत नाही. खर्च आणि भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेसमेंटमध्ये घातलेला पैसा नवा असतानाही सहसा पूर्ण परत येत नाही.

आता ‘चौथी बेडरूम’. सासू-सासरे तिथे झोपणार असल्याने इथे मी भावाचं बाजूला ठेवून बोलते. टेप घेऊन जा आणि खिडकी मोजा. बहुतेक राज्यांचे नियम ज्या निवासी संहितेवर बेतलेले आहेत तिच्यात झोपण्याच्या खोलीला आगीत बाहेर पडता येईल अशी खिडकी किंवा दार लागतं. खिडकी उघडल्यावर मोकळी जागा किमान ५.७ स्क्वेअर फूट, उंची किमान २४ इंच, रुंदी किमान २० इंच, आणि खिडकीचा खालचा काठ खोलीच्या फरशीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. खिडकी बाहेरच्या जमिनीच्या पातळीजवळ असेल तर ५ स्क्वेअर फूट चालतात. एक गंमत लक्षात घ्या: २४ गुणिले २० केलं तर जेमतेम ३.३ स्क्वेअर फूट होतात, म्हणजे दोन्ही किमान मापं गाठूनही खिडकी नापास. उंची २४च असेल तर रुंदी ३४ इंचांच्या वर लागते. बाहेर खड्डा करून खिडकी बसवली असेल तर तो खड्डा किमान ९ स्क्वेअर फुटांचा हवा, आणि ४४ इंचांपेक्षा खोल असेल तर त्याला शिडी हवी. हे माप कशासाठी, तर पाठीवर हवेचा नळकांडा घेतलेला अग्निशमन दलाचा माणूस आत शिरला पाहिजे.

जुन्या बेसमेंटच्या छताजवळ जी आडवी, आत पडणारी छोटी खिडकी असते तिच्यातून मांजर बाहेर पडेल, सासूबाई नाही. तुमच्या खोलीत तसलीच असेल असा माझा अंदाज आहे, कारण २०११ला परवाना काढून मोठी खिडकी कापली असती तर लिस्टिंगमध्ये ते ठळक लिहिलं असतं. तशी असेल तर ती खोली ऑफिस, पूजेची खोली, शिवणाची खोली, काहीही आहे, बेडरूम नाही. तुम्ही तीन बेडरूमच्या घराला चार बेडरूमचा भाव देऊ नका आणि म्हाताऱ्या माणसांना तिथे झोपवू नका. नवी खिडकी करता येते. पाया कापावा लागतो, परवाना लागतो, आणि हजारांत खर्च येतो. टाउनशिपच्या, म्हणजे गावाच्या पालिकेच्या, बांधकाम खात्यात फोन करून जुन्या घराला नेमकं काय लागू आहे ते विचारा, गावागणिक थोडा फरक पडतो. शिवाय गुडघे. रात्री बाथरूम खालीच आहे हे ठीक, पण चहाला दिवसातून किती वेळा चढ-उतार होईल, तेही धरा.

छताची उंचीही तेव्हाच मोजा. ७ फूट हवेत. तुळई किंवा डक्टखाली ६ फूट ४ इंचांपर्यंत चालतं. ड्रॉप सीलिंग लावताना तीन-चार इंच गेलेले असतात आणि मग ‘फिनिश्ड’ म्हणवणारी जागा अ‍ॅन्सीच्या हिशोबाने फिनिश्ड उरतच नाही.

पाणी. बेसमेंटचा भाव सगळ्यात जास्त पाण्याने खाली येतो, आणि फिनिश केलेल्या बेसमेंटची अडचण अशी, की भिंतींवर ड्रायवॉलचे तक्ते लावलेले असतात, म्हणजे सगळी झाकली मूठ. पहिल्या घरातलं कोरं बेसमेंट ज्याला तुम्ही ‘नुसतं काँक्रीट’ म्हणताय, तिथे निदान सगळं उघड्यावर आहे. पांढरी खारी पावडर उमटली असेल तर दिसते, आडवी भेग दिसते, लोखंडी खांबांचे तळ गंजलेत का ते दिसतं. दुसऱ्या घरात तुम्हाला आडून शोधावं लागेल. जिन्याखालच्या कपाटात जा. तिथे गालिचा नीट चिकटवायला कुणाला वेळ नसतो. कोपरा उचला. कडेने एक लाकडी पट्टी असते, तिच्यातून बारीक खिळे वर आलेले असतात. ते खिळे चकचकीत असतील तर छान. तपकिरी गंजलेले असतील तर तिथे पाणी येऊन गेलंय, विक्रेता काहीही म्हणो. मग फर्नेसच्या खोलीत जा, ती सहसा फिनिश केलेली नसते. वॉटर हीटरच्या पायाशी, फर्नेसच्या पत्र्याच्या खालच्या दोन इंचांत गंजाची रेघ आहे का? एकाच भिंतीला ताजा रंग का? हवेतली ओल शोषणारा डीह्युमिडिफायर एप्रिलमध्येच घरघरतोय का? खाली पाऊल टाकताच एअर फ्रेशनरचा वास आला तर मी आणखी वाकून बघते.

संप पंप, म्हणजे खाली साठणारं पाणी उपसून बाहेर टाकणारा पंप, असणं वाईट नाही, कित्येक चांगल्या घरांत असतो. पण त्याला बॅटरी आहे का विचारा. मोठा पाऊस आणि वीज जाणं या दोन गोष्टी सहसा एकत्रच येतात. १ सप्टेंबर २०२१च्या रात्री आयडा वादळाचा उरलेला पाऊस आपल्या राज्यावर कोसळला तेव्हा नदीपासून लांब असलेल्या घरांचीही बेसमेंट भरली होती. त्या रात्री न्यूयॉर्क शहरात जे बळी गेले त्यांतले बहुतेक जमिनीखालच्या घरांत राहणारे होते. विक्रेत्याला सरळ प्रश्न विचारा: आयडाच्या रात्री खाली काय झालं? मार्च २०२४ पासून न्यू जर्सीत विक्रेत्याला घराच्या पुराच्या इतिहासाबद्दलची माहिती लेखी द्यावी लागते. तो फॉर्म मागा आणि ‘माहीत नाही’ असं कुठे कुठे टिकलंय ते बघा.

विम्याचंही इथेच सांगून टाकते. घराच्या साध्या विम्यात पूर येत नाही. नाल्यातून किंवा संपच्या खड्ड्यातून उलट्या आलेल्या पाण्याचं नुकसान त्यात धरायचं असेल तर विम्याला वेगळी जोडणी घ्यावी लागते. सरकारी पूर विमा काढला तरी बेसमेंटसाठी तो हात आखडता घेतो: फर्नेस, वॉटर हीटर, संप पंप यांना पैसे मिळतात; फिनिश केलेली भिंत, फरशी, गालिचा, सोफा यांना नाही. म्हणजे तुम्ही ज्या ८५० फुटांसाठी जास्तीचे पैसे मोजणार आहात नेमका तोच भाग उघडा राहतो. वरच्या मजल्याचा फूट आणि खालचा फूट यांच्या भावात एवढी तफावत का, याचं निम्मं उत्तर या एका गोष्टीत आहे.

रेडॉनची चाचणी इन्स्पेक्शनमध्ये घ्याच. मातीतून येणारा हा वायू खालच्या मजल्यावर साठतो, दिसत नाही, वास येत नाही, आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत सिगारेटनंतर त्याचा नंबर लागतो. पर्यावरण खात्याची मर्यादा ४ पिकोक्युरी प्रति लिटर. वर गेलं तर फरशीखालून पाइप काढून पंखा बसवतात. दीड-दोन हजारांचं काम, विक्रेत्याकडून करून घेतात. त्यावरून घर सोडायचं कारण नाही.

परवान्याचं मात्र कारण होऊ शकतं. २०११ला ते बेसमेंट केलं तेव्हा टाउनशिपचा परवाना होता का आणि तो शेवटपर्यंत जाऊन बंद झाला का, हे विक्रेत्याच्या तोंडी बोलण्यावर सोडू नका. टाउनशिप क्लार्ककडे ओप्राखाली अर्ज करा. तो सार्वजनिक कागदपत्रांचा कायदा आहे, अर्ज ऑनलाइन होतो, आणि त्यांना कामाच्या सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या पत्त्यावरचे सगळे परवाने, उघडे आणि बंद, आणि शेवटची प्रमाणपत्रं मागा. त्यासोबत घरपट्टी ठरवणाऱ्या टॅक्स असेसरकडून प्रॉपर्टी रेकॉर्ड कार्ड घ्या. तो एक-दोन पानांचा कागद आहे, त्यावर घराचा आराखडा आणि बेसमेंट फिनिश आहे की नाही हे लिहिलेलं असतं. लिस्टिंग म्हणते फिनिश्ड, कार्ड म्हणतं अनफिनिश्ड, आणि परवाना सापडत नाही, असं तिन्ही जुळलं तर समजा की कुणीतरी शनिवार-रविवारी येऊन ते काम करून गेलंय. भिंतीच्या आतल्या वायरिंगला कुणीही बघितलेलं नाही. पुढे टाउनशिपला कळलं तर ते भिंत उघडायला लावू शकतात, आणि मालक तेव्हा तुम्ही असाल. प्रॉपर्टी टॅक्समध्येही आपलं राज्य देशात सगळ्यात महाग. कार्ड दुरुस्त झालं की आकारणी वाढू शकते. बेसमेंट विनापरवाना निघालं तर तुमच्या हिशोबात त्याला कोऱ्या बेसमेंटइतकंच धरा, फार तर थोडं वर. किंवा विक्रेत्याला सांगा, क्लोजिंगच्या, म्हणजे घर तुमच्या नावावर होण्याच्या, आधी परवाना काढून तपासणी करून द्या. कित्येक जण करून देतात, कारण पुढचं गिऱ्हाईकही तेच विचारणार हे त्यांना कळतं.

हे सगळं बाजारभावाचं झालं. तुमच्या घरात बेसमेंटचा काय उपयोग होणार हा वेगळा हिशोब आहे आणि तो मी नाकारत नाही. जानेवारीत बाहेर बर्फ असताना मुलांना दंगा करायला जागा, गौरी-गणपतीला चाळीस माणसं, हळदीकुंकू, एखादी गाण्याची बैठक, हे इकडे बेसमेंटशिवाय कुठे होतं? त्यासाठी १८ हजार जास्त द्यावेसे वाटले तर द्या. फक्त ते आपण हौसेचे देतोय, घर विकताना ते परत मागता येणार नाहीत, हे दोघांनी आधी मान्य करा. आणि बँकेचा अप्रेझर हौस धरत नाही. तुम्ही ८ लाख १५ हजारांचा सौदा केला आणि माझ्यासारख्या कुणी ७ लाख ९७ हजार लिहिले, तर मधले पैसे तुमच्या खिशातून रोख जातात. म्हणून अप्रेझलची अट, म्हणजे किंमत कमी निघाली तर सौद्यातून बाहेर पडता येईल ही, ऑफरमधून वगळू नका, एजंटने कितीही घाई केली तरी.

पहिल्या घराकडे परत एकदा जा, असं मी म्हणेन. तिथे वरचे फूट जास्त आहेत, आणि वरच्या फुटांना बाजार कायम बरा भाव देतो. खाली उतरून तीन गोष्टी बघा: काँक्रीटपासून तुळईपर्यंत उंची किती, फरशीत बाथरूमसाठी टोप्या लावलेले पाइप बसवून ठेवलेत का, आणि खांब कुठे येतात. उंची आठ फुटांच्या आसपास असेल आणि पाइप असतील, तर दोन-तीन वर्षांनी हातात पैसे आले की तुम्ही तुमच्या मनासारखं, परवाना काढून, मोठ्या खिडकीसकट फिनिश करू शकता. तोवर टेबल टेनिसचं टेबल काँक्रीटवरही उभं राहतं. सासू-सासऱ्यांची सोय त्या २,४०० फुटांत वरच होते का ते आधी बघा. तळमजल्यावर अर्धं बाथरूम (नुसतं संडास आणि बेसिन) आणि एखादी ऑफिससारखी खोली असेल तर ते पूर्ण बाथरूम करणं बेसमेंटच्या खिडकीइतकं अवघड नसतं.

दुसऱ्याच घरावर मन बसलं असेल, तर तुमच्या भागातल्या जोड्यांतून निघालेला आकडा घालून माझं वरचं गणित पुन्हा करा आणि तिथूनच ऑफर सुरू करा. मी दिलेले आकडे तसेच निघाले तर ती ७ लाख ९७ हजारांच्या आसपास येईल, आणि खिडकी नापास झाली किंवा परवाना सापडला नाही तर त्याहून बरीच खाली. ओप्राचा अर्ज मात्र ऑफरची वाट न बघता आजच टाका. करारावर सही झाली की वकिलांच्या तपासणीला कामाचे तीनच दिवस मिळतात, आणि टाउनशिपला उत्तर द्यायला सात.